दादा, मराठी कळतं का?

वाचकांची पत्रं आणि मावशींची उत्तरं. मावशी सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक होत्या, आता निवृत्त. या महिन्यात टपालात रस्त्यावर पैसे मागणाऱ्यांविषयीची पत्रं इतकी आली, की सुना, सासवा आणि शेजारी पुढच्या अंकावर ढकलावे लागले.

मावशी,
मी परभणीकडचा. पुण्यात हिंजवडीला नोकरी करतो. दिवाळीच्या आधी स्वारगेटला बसमधून उतरलो तर एक जोडपं समोर आलं. त्याच्या डोक्यावर टोपी, तिच्या कडेवर पोर, खांद्याला बोचकं. "दादा, मराठी कळतं का?" आधी एवढंच विचारलं. मी हो म्हणालो आणि अडकलो. जालन्याकडचे, मुकादमानं बांधकामावर आणलं आणि पैसे न देता पळाला, कालपासून पोराच्या पोटात काही नाही, गाडीभाड्याचीही सोय नाही. मला गावाकडची माणसं आठवली. पाचशेची नोट काढून दिली. महिन्याभरानं तोच माणूस शिवाजीनगरला कोर्टापाशी दिसला. टोपी तीच, बोचकं तेच, मुकादम पुन्हा पळालेला. रूमवरच्या पोरांनी तेव्हापासून माझंच नाव 'मुकादम' ठेवलंय. आता कुणी हाक मारली तरी थांबत नाही. परवा एक म्हातारा काहीतरी म्हणत होता, त्याला तसाच ओलांडून गेलो आणि रात्रभर झोप नाही. द्यायचं की नाही, एकदाचं सांगा.
— एक मराठवाडी, वाकड

उत्तर :
मुलाच्या वयाचा आहेस, म्हणून अरेतुरे करते.

आधी त्या टोपीवाल्याचं कौतुक करू, कारण माणूस कसबी आहे. "मराठी कळतं का?" या प्रश्नाला नाही म्हणायला तोंड उघडत नाही. पैसे मागितले असते तर तू मान हलवून पुढे गेला असतास. त्यानं आधी तुला आपल्यातला करून घेतलं आणि मग हात पुढे केला. पुण्यात, ठाण्यात, नाशकात हा प्रश्न फार लोकांनी ऐकलाय. तू काही जगावेगळा भोळा नाहीस, हे रूमवरच्या पोरांना माझ्या नावानं सांग.

आता त्याची गोष्ट. ती खोटी असेल, पण त्यानं ती मनानं रचलेली नाही. मुकादम खरंच पळतात. आमच्या अपघात विभागाच्या दारात पाय मोडलेला मजूर टेम्पोतून उतरवून ठेकेदार पसार झाल्याचं मी नोकरीभर पाहिलं. केसपेपरवर नातेवाईक म्हणून त्याच ठेकेदाराचं नाव असायचं आणि फोन लावला की बंद. शेजारच्या खाटेवरची बाई आपल्या डब्यातली भाकरी त्या मजुराला द्यायची. अशी माणसं शहरात आहेत, म्हणून तर ही गोष्ट चालते. ज्या दिवशी मुकादम पळायचे थांबतील, त्या दिवशी टोपीवाल्याला दुसरी गोष्ट शोधावी लागेल.

म्हणून खरा की खोटा हा निकाल रस्त्यावर उभ्याउभ्या लावायला जाऊ नकोस. आमच्याकडे रेशनकार्ड असायचं, तहसीलदाराचा दाखला असायचा, वॉर्डातल्या सिस्टरचं मत असायचं, गावच्या सरपंचाला फोन व्हायचा. एवढं करूनही एखाद्या माणसाची खरी परिस्थिती समजायला दोन-दोन दिवस लागायचे. तुला स्वारगेटच्या गर्दीत दोन मिनिटांत काय कळणार? चेहरा बघून ओळखतो असं म्हणणारे खूप भेटले. त्यांचा अंदाज बहुतेक वेळा कपड्यांवर असतो.

त्यापेक्षा घरून निघतानाच आकडा ठरव. गेला तरी रात्री आठवणार नाही, एवढाच. माझ्या पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात दहा-वीसच्या नोटा असतात. द्यायचं झालं तर त्यातलं द्यायचं, आतली चेन रस्त्यावर उघडायची नाही. या कप्प्यातलं कुठे गेलं याचा तपास मी करत नाही. कुणी चहा प्यायला असेल, कुणी विडी ओढली असेल. पाचशे देणं हा गुन्हा नाही, पण ते तू ठरवून दिले नव्हतेस, गाव आठवलं म्हणून दिलेस. म्हणून ते इतके लागले.

गावाला जायचंय म्हणणाऱ्यासाठी मात्र एक वेगळा उपाय आहे: तिकीट. इथे थोडी माहिती खिशात असावी. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना २६ ऑगस्ट २०२२ पासून तिकीटच नाही, आणि पासष्ट ते पंच्याहत्तर वयाला अर्धं. त्यामुळे "आम्हा दोघांना नि म्हाताऱ्या आईला पंधराशे लागतात" असा हिशोब कुणी मांडला, तर तुला मनातल्या मनात वजाबाकी करता येईल. मराठवाड्याच्या बहुतेक गाड्या वाकडेवाडीहून सुटतात, हे तुला परभणीकडचा म्हणून माहीतच असणार. जालन्याला निघालेलं जोडपं स्वारगेटला काय करत होतं, हा प्रश्न पडायला हरकत नाही. पण त्यावरून लगेच चोर ठरवू नकोस. पहिल्यांदा पुण्यात आलेल्या माणसाला वाकडेवाडी कुठून ठाऊक असणार?

"चला, गाडीपर्यंत येतो, तिकीट काढून देतो" म्हणायचं. कंडक्टरच्या मशीनवर यूपीआय चालतं. ज्याला जायचंय तो बोचकं उचलतो. ज्याला जायचं नाही त्याचा कुणीतरी भाऊ दुसऱ्या स्टँडवर थांबलेला असतो. तुला वेळ नसेल तर दुसरा उपाय: "घरी फोन लावून देऊ का?" नंबर त्यानं सांगायचा, लावायचा तू. फोन तुझ्याच हातात, स्पीकरवर. अनोळखी माणसाच्या हातात उघडा मोबाईल देणं म्हणजे हल्ली बँकेची किल्ली देणं आहे.

आणि भूक लागलीय म्हणत असेल तर वडापाव घेऊन दे, पोळीभाजी घेऊन दे. दिलंस की निघ. तो खातो की नाही हे बघत उभं राहायचं नाही, कुणालाही कुणी पाहत असताना घास गिळवत नाही. पुड्यातलं दूध किंवा बाळाच्या पावडरचा डबा ठराविक दुकानातूनच हवा असा हट्ट असेल, तर मात्र सावध राहा. तो डबा संध्याकाळी त्याच दुकानाच्या फळीवर परत जातो आणि पैसे दोघांत वाटले जातात, हा प्रकार मुंबईत जुना आहे.

कुणी गल्लीत ये, एटीएमपर्यंत ये म्हणालं, किंवा बोलता बोलता दुसरा माणूस मागे येऊन उभा राहिला, तर दया-माया गुंडाळून चालू लागायचं. रात्री तर नक्कीच.

आता तो म्हातारा. तुझी झोप पैसे न दिल्यामुळे उडाली असं मला वाटत नाही. तू त्याला उत्तरच दिलं नाहीस. "नाही हो बाबा, आज नाही जमणार" एवढं म्हणायला काही लागत नाही. ऐकून तो पुढच्याकडे वळतो, त्याला सवय आहे. कदाचित तो पैसे मागतच नसेल. म्हातारी माणसं स्वारगेटला निम्म्या वेळा कात्रजची बस कुठे लागते तेवढंच विचारत असतात.

आदरणीय ताई,
मी निवृत्त बँक कर्मचारी आहे. शालिमार चौकात एक तरुण भेटला. हातात लॅमिनेट केलेला कागद, त्यावर नाका-तोंडात नळ्या घातलेल्या चिमुरडीचा फोटो. हृदयाला छिद्र, शस्त्रक्रियेला साडेतीन लाख, खाली क्यूआर कोड. माझी नात त्याच वयाची आहे. मी दोन हजार पाठवले. सूनबाईंनी रात्री पाहिलं आणि म्हणाल्या, कागद खोटा आहे. जन्मभर सह्या तपासल्या, हा कागद मला तपासता आला नाही. अशा वेळी काय पाहावं?
— एक आजोबा, नाशिक

उत्तर :
आजोबा, हा प्रांत माझा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

खऱ्या नातेवाइकाचा कागद लॅमिनेट केलेला क्वचित असतो. तो प्लॅस्टिकच्या पिशवीत असतो, घडीवर घडी पडून फाटायला आलेला, कोपऱ्यावर चहाचा डाग, आणि एक कागद मागितला तर माणूस सगळी फाइलच तुमच्या हातात देतो. त्यात एक रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक असतं, ज्याला सगळे 'एस्टिमेट' म्हणतात. त्यावर रुग्णाचा नोंदणी क्रमांक, तारीख, डॉक्टरांचा शिक्का आणि धनादेश कोणाच्या नावे काढायचा ती ओळ. ती ओळ तुम्ही बँकेत जन्मभर वाचलीत. धनादेश रुग्णालयाच्या नावे असतो. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर तुमच्या फोनवर जे नाव आलं, ते रुग्णालयाचं होतं की एखाद्या माणसाचं? पुढच्या वेळी पिन टाकण्याआधी तेवढं वाचा.

दुसरं असं, की लहान मुलाच्या हृदयाचं छिद्र हा आजार तर सरकारी योजनांमध्ये ठळक आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी अंगणवाडीत आणि शाळेत होते, आणि जन्मजात हृदयविकाराची शस्त्रक्रिया त्यातून करून मिळते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. धर्मादाय रुग्णालयांना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१कक खाली १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. मुख्यमंत्री सहाय्यता निधीचे पैसेसुद्धा रुग्णाच्या हातात पडत नाहीत, रुग्णालयाच्या खात्यात जातात.

मग तरीही खरे लोक रस्त्यावर का मागतात, असं तुम्ही विचाराल. कारण योजनेत ऑपरेशन बसतं, बापाची बुडालेली मजुरी बसत नाही. आईचं रोजचं जेवण, गावाला ठेवलेल्या दुसऱ्या पोराचं बघायला जायचं भाडं, बाहेरून आणायला सांगितलेली औषधं, यांचा हिशोब कुणाच्याच फॉर्मवर नसतो. परळला टाटा रुग्णालयाच्या आसपास फुटपाथवर पथारी टाकून राहणारी कुटुंबं वर्षानुवर्षं दिसतात. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कितीजणांना आसरा देते, पण येणारे त्याहून जास्त.

आता एक व्यवसायातली गोष्ट सांगते. पुढच्या वेळी असा तरुण भेटला तर त्याला शांतपणे विचारा, "आरोग्यमित्राला भेटलात का?" योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं. जो खोटा आहे त्याला हा शब्द बहुधा नवा असतो, किंवा तो घाईनं "हो हो, सगळं केलं" म्हणतो. जो खरा बाप आहे, तो तिथेच सुरू होतो: गेलो होतो, मशीन बंद होतं, रेशनकार्डावर पोरीचं नाव चढलेलं नव्हतं, मग तहसीलला पाठवलं, तिथला साहेब रजेवर... अर्धा तास तो आरोग्यमित्राच्या नावानं खडे फोडत राहील. असं गाऱ्हाणं घोकून म्हणता येत नाही. माझ्या टेबलासमोर बसून लोकांनी माझ्याही नावानं ते गायलंय.

द्यायचंच असेल तर वॉर्ड आणि नोंदणी क्रमांक विचारून घ्या. रुग्णालयाचा दूरध्वनी स्वतः शोधा, कागदावरचा लावू नका. समाजसेवा विभाग मागा आणि मदत करायची आहे म्हणून सांगा. पैसे रुग्णालयाच्या रोखपालाकडे भरा आणि पावती घ्या. ज्यांना खरंच गरज आहे त्यांना याचं वाईट वाटत नाही.

दोन हजारांचं म्हणाल तर त्या क्यूआर कोडवरचं नाव, वेळ आणि व्यवहार क्रमांक घेऊन १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पैसे येतील असं वचन देत नाही, पण तोच कोड आणखी कुणा आजोबांपुढे धरला जातोय, तो थांबू शकतो.

मावशी, मुलुंड चेक नाक्याच्या सिग्नलला माझ्या लेकीच्या वयाची मुलगी गजरे घेऊन काचेवर टकटक करते. लेक विचारते, "ही शाळेत का जात नाही?" मी गजरा घेते आणि विषय बदलते. काय सांगू?
— एक आई

उत्तर :
लेकीला खरं सांगा: तिला शाळेत घालणारं कुणी भेटलेलं नाही.

आणि मग एखाद्या सुट्टीच्या नसलेल्या दिवशी लेकीला घेऊन ठाण्याला तीन हात नाक्यावर जा, तुमच्यापासून जवळच आहे. तिथे उड्डाणपुलाखाली कंटेनरमध्ये 'सिग्नल शाळा' आहे. समर्थ भारत व्यासपीठ आणि ठाणे महापालिकेनं २०१६ साली सुरू केली, सिग्नलवर वस्तू विकणाऱ्या आणि भीक मागणाऱ्या मुलांसाठीच. वर गाड्या धडधडत असतात आणि खाली पोरं पाढे म्हणत असतात. तुमच्या सिग्नलवरच्या मुलीविषयी तिथे बोलून बघा.

लहान मुलाच्या हातात मी रोख पैसे देत नाही. सिग्नलवर तिची कमाई झाली की उद्या ती पुन्हा सिग्नलवरच. गजऱ्यालाही तेच लागू आहे, तुम्हाला रुचणार नाही तरी. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर चोवीस तास फोन करता येतो. सिग्नल कुठला, वेळ काय, वय अंदाजे किती, बरोबर मोठं माणूस आहे का, एवढं सांगा. मुलांना भिकेला लावणाऱ्याला बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७६ नुसार ५ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाख रुपये दंड आहे. मात्र फोन केला आणि सुटलो असं होत नाही. कधी कधी मूल बालगृहात जातं आणि आई कागद घेऊन बाल कल्याण समितीच्या दारात रडत बसते, तेही मी पाहिलंय. म्हणून आधी त्या आईशी बोला. ती दुभाजकावर गजरे ओवत बसलेली असेल. "ही सगळी टोळी असते हो" असं म्हणून काच वर करणं सोपं पडतं, पण पुष्कळदा टोळी म्हणजे तीच दोघं-तिघं असतात: आई, पोर आणि तान्हं.

महोदया, आमच्या सोसायटीत दुपारच्या वेळी मागायला बायका येतात. आम्ही त्यांचे फोटो काढून ग्रुपवर टाकतो, 'मुलं पळवणारी टोळी असू शकते, दिसल्यास अडवून ठेवा' अशी सूचना देतो. काही सभासद आक्षेप घेतात. भीक मागणं कायद्याने गुन्हाच आहे ना?
— एक सचिव, छत्रपती संभाजीनगर

उत्तर :
सचिवसाहेब, ती सूचना आजच काढून टाका. कायद्याचं नंतर बघू.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात आठवडे बाजार भरला होता. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते. भिक्षा मागत गावोगाव फिरणं हा त्यांचा पिढीजात मार्ग. मुलं पळवणारी टोळी आल्याचे संदेश तेव्हा मोबाईलवर फिरत होते, अगदी तुमच्या सूचनेच्याच भाषेत. जमावानं त्या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. संदेश पुढे पाठवणाऱ्यांनीही कुणाला मारायचं ठरवलं नव्हतं, त्यांनीही 'असू शकते' एवढंच लिहिलं असेल. तुमच्या ग्रुपवरच्या फोटोतली बाई उद्या दुसऱ्या वस्तीत कुणी अडवली, तर त्या फोटोवर तुमचं नाव आहे.

आता कायदा. मुंबई भिक्षा प्रतिबंध अधिनियम, १९५९ महाराष्ट्रात लागू आहे. त्यात सार्वजनिक जागी भीक मागणं तर आलंच, पण गाणं म्हणून, नाचून, भविष्य सांगून मागणंही आलं. पहिल्यांदा सापडला तर एक ते तीन वर्षं भिक्षेकरीगृहात, पुन्हा पुन्हा सापडला तर दहा वर्षांपर्यंत. वासुदेवालाही या व्याख्येतून सुटका नाही, हे वाचून मला नोकरीच्या पहिल्या वर्षी हसू आलं होतं. हाच कायदा दिल्लीला लागू केलेला होता. तिथल्या उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०१८ मध्ये त्यातली भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमं घटनाबाह्य ठरवली. जुलै २०२१ मध्ये करोनाच्या काळात रस्त्यावरचे भिकारी हटवा अशी मागणी सर्वोच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा न्यायालयानं तसा आदेश द्यायला नकार दिला. दारिद्र्य, शिक्षणाचा आणि रोजगाराचा अभाव यांमुळे माणसं मागतात, या प्रश्नाकडे उच्चभ्रू नजरेनं पाहणार नाही, असं सांगितलं. मध्य प्रदेशात इंदूरला उलटा वारा आहे, तिथे १ जानेवारी २०२५ पासून प्रशासनानं भीक देण्यावरच बंदी घातली. आपल्या १९५९ च्या कायद्यात देणाऱ्याला शिक्षा नाही. भीक मागायला लावणाऱ्याला मात्र आहे.

तुमच्या हातात एवढंच आहे: फाटकावरच्या रखवालदारानं आत सोडायचं नाही म्हणून सांगायचं, सभ्य शब्दांत. संशय आला तर ११२. अडवून ठेवण्याचा अधिकार सोसायटीच्या उपविधींत नाही. सभासदांचा आक्षेप इतिवृत्तात नोंदवा, त्यांचं बरोबर आहे.

मावशी, मी रत्नागिरी जिल्ह्यातला जिल्हा परिषद शिक्षक. मुंबईला बहिणीकडे आलो होतो. दादरला पुलावरच्या गर्दीत पाकीट आणि मोबाईल दोन्ही गेले. चिपळूणला परतायचं होतं. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी, आणि मी लोकांना "जरा ऐकता का" म्हणत होतो. कुणी माझ्याकडे बघेना. एकानं तर हात जोडून "माफ करा" म्हटलं. शेवटी चहावाल्यानं शंभर रुपये दिले, बहिणीचं घर गाठलं. मुलांना मी 'मदत मागायला लाजू नये' असं शिकवतो. पण मागायचं कसं, ते मला आलं नाही.
— एक गुरुजी

उत्तर :
गुरुजी, या महिन्याच्या टपालात पलीकडून आलेलं हे एकच पत्र. लोकांचं वागणं मनाला लावून घेऊ नका. पहिल्या पत्रातला टोपीवाला तुमच्या आधी त्या पुलावरून गेला होता, एवढंच.

पुलावर चालणाऱ्याला थांबवू नये. दादरला माणूस चालत नाही, ढकलला जातो. त्याला थांबायचं असलं तरी थांबता येत नाही. जो जागेवर बसलेला आहे त्याच्याकडे जावं: चहावाला, मेडिकलवाला, स्टॉलवाला, फलाटावरचा पोलीस. तुम्ही शेवटी चहावाल्यापाशी पोचलात ते योग्यच झालं, फक्त पहिल्यांदा जायला हवं होतं.

आणि "जरा ऐकता का" हे सुरुवातीला नको. त्या शब्दांनंतर काय येतं ते मुंबईकराला पाठ आहे. ताकाला जाऊन भांडं लपवलं की समोरचा पाकीटच घट्ट धरतो. सरळ सांगायचं, "पाकीट-मोबाईल चोरीला गेलाय, एक फोन लावून द्याल का? नंबर मी सांगतो, फोन तुमच्याकडेच ठेवा." पैसे मागितलेच नाहीत की समोरचा सैल होतो.

फोन लागला की घरच्यांना सांगायचं, या दुकानदाराच्या स्कॅनरवर पाचशे रुपये पाठवा. दुकानावरचा साउंड बॉक्स 'पाचशे रुपये प्राप्त' असं बोलला की तो तुम्हाला रोख देईल. उपकारही नाहीत आणि उधारीही नाही. स्क्रीनशॉट दाखवला तर तो मानणार नाही, आणि मानूही नये. 'मी पाठवलेत, हे बघा' म्हणून खोटी चित्रं दाखवून रोख घेऊन जाणारे भरपूर आहेत. डबा बोलेपर्यंत दोघांनीही थांबायचं.

पैशांची सोय झाली की लोहमार्ग पोलिसांकडे तक्रार द्या आणि प्रत घ्या. सिम आणि एटीएम कार्ड लगेच बंद करा. मग संचार साथीच्या संकेतस्थळावर हरवलेला फोन त्याच्या आयएमईआय क्रमांकावरून बंद करता येतो, त्याला तक्रारीची प्रत लागते. तो क्रमांक खोक्यावर किंवा बिलावर असतो, म्हणून बिलं फेकू नयेत.

पण या सगळ्याची सुरुवात ज्यानं होते, तो नंबर आपल्याला पाठ असतो का? पूर्वी आमच्याकडे येणाऱ्या नातेवाइकांना गावच्या दुकानाचा, शाळेचा, पोस्टाचा फोन तोंडपाठ असायचा. निवृत्तीच्या सुमाराला माणसं सांगायला लागली, "नंबर त्या मोबाईलमध्येच होता हो." पाकिटापासून वेगळ्या खिशात एक चिठ्ठी ठेवा, तिच्यावर दोन नंबर आणि तिच्यात घडी घातलेली दोनशेची नोट. चहावाल्याचे शंभर परत करायला जाल तेव्हा चहा तिथेच प्या. आणि बाईंचा, म्हणजे तुमच्या घरच्या बाईंचा, नंबर पाठ आहे का ते आज रात्री तपासा. फोनकडे न बघता.